बांगडी हातात बसेपर्यंत

एका गावात एक कासारीण राहत होती. नाव द्वारकाबाई. वय साठीच्या पुढचं, तेव्हा आपण त्यांना अहो-जाहोच करू. बायकांच्या हातात काचेच्या बांगड्या भरणं हा त्यांचा धंदा. समोर बसलेल्या बाईचा हात त्या आपल्या हातात घेत, अंगठ्याच्या मुळाशी जरासा दाबत आणि माप सांगत. दोन-चार म्हणजे नाजूक हात, दोन-सहा म्हणजे त्याहून भरलेला, दोन-आठ म्हणजे कामाने रुंद झालेला. माप कधी चुकत नसे. बोलता बोलता बांगडी सरसर मनगटावर जाऊन बसे, आणि अशी बेताची बसे की हात खाली सोडला तरी ओघळत नसे.

कासारआळीत एक जुना नियम होता. बांगडी गिऱ्हाईकाच्या हातात बसेपर्यंत ती कासाराची. भरताना फुटली तर नुकसान कासाराचं. आणि फुटली असं म्हणायचंही नाही. ‘वाढली’ म्हणायचं, कारण बांगडी फुटणं बायकांच्या मनाला लागतं. डझनभर बांगड्या भरताना चार वाढल्या, तरी द्वारकाबाई कपाळाला आठी न घालता नवीन चार काढत.

पण गावच्या मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, लग्न करून दूर दूर गेल्या. चांगलंच झालं. फक्त त्यांचे हातही त्यांच्याबरोबर गेले. आळीतली सहा दुकानं होती त्यांची दोन उरली. एक द्वारकाबाईंचं आणि एक समोरच्या बन्सीचं. दिवसच्या दिवस गिऱ्हाईक फिरकेना. द्वारकाबाई रोज बांगड्यांवरची धूळ झटकत आणि पुन्हा तिथेच बसत. दिवाळीपर्यंत वाट बघायची, नाहीतर दुकानाला कुलूप लावायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्यांची सून रेवती म्हणाली, “आई, मुली आपल्याकडे येत नाहीत, तर आपण त्यांच्याकडे जाऊ. ऑनलाइन दुकान काढू.”

“आणि माप?”

“हाताचा फोटो मागवू. शेजारी काडेपेटी ठेवायला सांगू, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.”

द्वारकाबाईंनी रेवतीच्या मोबाइलमधले दहा-बारा हात बघितले. भाचीचा, मावशीचा, मैत्रिणींचा. सगळीच्या सगळी मापं बरोबर सांगितली. मग मात्र त्यांना हुरूप आला.

ऑनलाइन दुकान मांडायला आधी जागा लागते. ती जागा देणाऱ्या कंपन्या असतात. कोणती निवडायची, एवढाच प्रश्न होता. आणि गावात तज्ज्ञांची काय कमी! ज्याने जन्मात एकदा मोबाइलचा चार्जर मागवला होता, तोही पाय पसरून सल्ला द्यायला बसला.

रेवतीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि तीन नावं कागदावर लिहिली. पहिलं फुकटपेठ. तिथे एक पैसा लागत नव्हता. पण फुकट जागेत मालकाच्या पाट्या लागतात. द्वारकाबाईंच्या काचेच्या बांगड्यांच्या डोक्यावर दुसऱ्याच कोणाची जाहिरात झळकली: ‘कधीही न फुटणाऱ्या प्लॅस्टिकच्या बांगड्या, इथे मिळतील.’ रेवतीने ते नाव तिथल्या तिथे खोडलं.

दुसरं झगमग बाजार. त्यांचा माणूस थेट घरी आला. नाव हर्षद. बूट बाहेर काढून आत आला, चहाला नाही म्हणाला नाही, आणि बोलायला लागला तो थांबेचना. पहिल्याच दिवशी हजार बायका तुमचं दुकान बघतील. फोटो आम्ही काढू. नाव सगळ्यांच्या वर येईल.

द्वारकाबाईंनी विचारलं, “आणि बांगडी वाढली तर?”

“म्हणजे?”

“फुटली तर, हो.”

हर्षद खूश झाला. “मावशी, त्याची तर काळजीच सोडा. इथे एक बटण आहे. ते चालू केलं की काचेची जबाबदारी गिऱ्हाईकाची. तक्रार तुमच्यापर्यंत येतच नाही. दुकानाच्या पानावर दिसतही नाही. समोरच्या बन्सीशेठना विचारा. तीन महिने झाले, एक तक्रार नाही.”

रेवतीने बन्सीला विचारलं. बन्सी मोठ्या अभिमानाने म्हणाला, “एक नाही वहिनी, शपथेवर सांगतो. पान बघा माझं, धुतलेल्या तांदळासारखं आहे. आता पहिल्या महिन्याइतकं गिऱ्हाईक राहिलेलं नाही, पण ते सीझनचं असेल.”

तिसरं नाव ओसरी. तिथून कोणी घरी आलं नाही. रेवतीनेच फोन लावला. लतिका नावाची एक मुलगी बोलली. तिने आधी काय काय जमणार नाही ते सांगितलं. हजार बायका पहिल्या दिवशी येणार नाहीत. फोटो तुमचे तुम्हालाच काढावे लागतील. “आणि तक्रार आली की ती सरळ तुमच्या मोबाइलवर येईल. दुकानाच्या पानावरही दिसेल, सगळ्यांना. ती पुसता येत नाही. खाली तुम्ही उत्तर लिहू शकता, एवढंच.”

रेवतीने फोन ठेवला आणि म्हणाली, “हे आणखी काय! आपल्याच दारात उभं राहून लोकांनी आपल्याला बोलायचं, आणि भाडंही आपणच द्यायचं?”

द्वारकाबाईंनाही झगमगचा मोह पडला होता. का पडू नये? दुकान बुडत होतं आणि हजार बायका म्हणजे हजार बायका. दोन दिवस काही ठरेना. मन एकदा इकडे जाई, एकदा तिकडे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, “रेवती, काचेचा धंदा आणि तीन महिन्यांत एक तक्रार नाही? माझ्या हातून समोर बसून भरताना वाढतात, तर टपालाने जाऊन एकही वाढली नसेल? वाढल्यात. बन्सीला कळलं नाही, एवढंच. बांगडी फुटली आणि कासाराला पत्ता नाही, असं दुकान मला नको.”

“म्हणजे ओसरी?”

“ओसरी.”

रेवतीला पटलं नाही. पण सासूबाईंचा आवाज तिला ओळखीचा होता. तिने ओसरीवर दुकान मांडलं.

पहिल्या आठवड्यात एकोणीस पुडकी गेली. हजार नव्हे, पण एकोणीस! द्वारकाबाई प्रत्येक हाताचा फोटो चष्म्याजवळ धरून बघत, माप सांगत, आणि रेवती कापसात गुंडाळून पुडकं बांधी. विसावं पुडकं सगळ्यांत मोठं होतं. गावातून लग्न करून इंदूरला गेलेल्या कुमुदच्या मुलीचं लग्न होतं. मुलीचं नाव ऊर्मिला. कुमुदच्या आईचा लग्नचुडा द्वारकाबाईंच्या सासूने भरला होता आणि कुमुदचा स्वतः द्वारकाबाईंनी. आता ऊर्मिलाचा हिरवा चुडा इथूनच जायला हवा, असा कुमुदचा हट्ट होता. गुरुवारी चुडा, शुक्रवारी लग्न. द्वारकाबाईंनी एक एक बांगडी उजेडाकडे धरून निवडली. देवापुढे ठेवली. मग पुडकं गेलं.

सोमवारी सकाळी पहिली तक्रार आली. नाशिकच्या एका बाईंनी लिहिलं होतं, ‘घालताना तीन फुटल्या. अंगठ्याच्या मुळाशी अडकतात.’ तासाभरात दुसरी आली. ‘माप चुकीचं आहे. दोन फुटल्या.’ दुपारच्या आत तिसरी आली. ‘हाताला काच लागली. रक्त आलं.’ सोबत फोटो होता.

तिन्ही तक्रारी दुकानाच्या पानावर ठळक दिसत होत्या. रेवतीचा चेहरा उतरला. “आई, झगमगवर असतो तर हे कोणाला दिसलंही नसतं. आता सगळं जग वाचणार. संपलं आपलं दुकान.”

ती तिरीमिरीत उत्तर लिहायला लागली. ‘काच नाजूक असते. गिऱ्हाईकाने जोर लावला तर दुकान जबाबदार नाही.’

“काय लिहिलंस? वाच.”

रेवतीने वाचलं.

“पुसून टाक. हात तिचा कापलाय आणि तू तिलाच रागावतेस?”

“मग चूक काय झाली, ते तरी सांगा! माप तुम्ही दिलंत. तुमचं माप कधी चुकलंय का?”

 माप चुकलं नव्हतं, याची द्वारकाबाईंना खात्री होती. मग नाशिकच्या बाई खोटं बोलत होत्या? रक्त तर खोटं नव्हतं. तो फोटो त्यांनी चष्म्याजवळ धरून बघितला. मग त्यांनी दोन-चारच्या बांगड्यांचा जुडगा रेवतीपुढे ठेवला. रेवतीचं माप दोन-चारच होतं.

“घाल.”

रेवतीने सवयीने हात पुढे केला.

“तसं नाही. तुझी तू घाल.”

रेवती घाबरली. लग्न होऊन बारा वर्षं झाली होती, पण काचेची बांगडी तिने कधी स्वतःच्या हाताने घातली नव्हती. सासू कासारीण असताना कशाला घालेल? तिने बांगडी बोटांवरून आत सरकवली. अंगठ्याच्या मुळाशी ती अडली. रेवतीने जरा जोर लावला, आणि बांगडी टचकन वाढली.

द्वारकाबाईंनी डोक्याला हात लावला. सगळं त्यांच्या ध्यानात आलं. दोन-चार हे रेवतीचं माप होतं, पण कासाराने भरायचं. कासाराचा हात अंगठ्याचं हाड असं दाबून आत घेतो, की अरुंद बांगडीही निघून जाते. त्यांनी एकोणीस घरी बांगड्या पाठवल्या होत्या आणि एकाही घरी कासार नव्हता. ज्या कसबाचा त्यांना गर्व होता, त्यानेच घात केला होता. एवढी साधी गोष्ट, आणि चाळीस वर्षांच्या सरावात ती कधी डोळ्यांपुढे आलीच नव्हती.

“लिही,” त्या म्हणाल्या. “चूक माझी आहे. मी दिलेलं माप कासाराने भरायचं होतं. तुमच्या घरी कासार नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. ज्यांना बांगड्या पोचल्या, त्यांनी त्या घालू नयेत. सगळ्यांना एक माप मोठ्या पाठवते. वाढल्या त्या माझ्या. खाली माझं नाव घाल.”

रेवतीने विचारलं, “आई, हे वाचून नवीन गिऱ्हाईक येईल?”

“नाही येणार कदाचित,” द्वारकाबाई म्हणाल्या.  “पण बांगडी हातात बसेपर्यंत माझी. लिही.”

रेवतीने लिहिलं. मग दोघींना एकदमच आठवलं.

“ऊर्मिलाचा चुडा!”

पुडकं सकाळी दहालाच इंदूरला पोचल्याचं मोबाइल सांगत होता. रेवतीने कुमुदला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. लग्नघरातला फोन तो. कुठल्या साड्यांच्या गठ्ठ्याखाली वाजत असेल देव जाणे. द्वारकाबाईंच्या डोळ्यांसमोर नको नको ते यायला लागलं. लग्नघर म्हटलं की एखादी हौशी आत्या असतेच. ती म्हणणार, माप बघू, एक घालून बघू. एक वाढणार, दुसरी वाढणार. पोरीच्या हाताला काच लागणार. आणि लग्नाआधी चुडा वाढला म्हणून सगळ्या बायकांची तोंडं काळवंडणार. मुलगी आयुष्यभर तो दिवस विसरायची नाही.

त्या जेवल्या नाहीत. फोन लावत राहिल्या. मधे त्यांनी रेवतीला बन्सीकडे पाठवलं. “त्यालाही सांग, माप एक मोठं दे म्हणावं. त्याच्याही घरोघर असंच झालं असणार.” ते ऐकून बन्सी म्हणाला, “वहिनी, म्हणून गिऱ्हाईक परत येत नव्हतं होय! मला वाटत होतं, सीझनचं आहे.”

साडेचारला फोन वाजला. कुमुद होती.

द्वारकाबाईंनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. “कुमुद, पुडकं उघडलंस का गं?”

“नाही काकू, वाचलो!” कुमुद म्हणाली. “नणंदबाई कात्री घेऊनच बसल्या होत्या. एक घालून बघू म्हणत होत्या. तेवढ्यात ऊर्मिला मैत्रिणीला तुमचं दुकान मोबाइलवर दाखवायला गेली. तिथे त्या तक्रारी, आणि खाली तुमचं उत्तर. ती तिथूनच ओरडली, आई, थांब! उघडू नकोस! एक दोरासुद्धा कापलेला नाही काकू.”

द्वारकाबाईंनी फोन रेवतीच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. एवढा मोठा सुस्कारा त्यांनी कित्येक वर्षांत सोडला नव्हता.

मग त्या पुन्हा कासारीण झाल्या. “ऊर्मिलाला म्हणावं, अंगठा तळहातात दुमड, करंगळीपर्यंत ने. आता हात जिथे सगळ्यांत रुंद आहे, तिथे दोरा गुंडाळ. तो दोरा पट्टीवर मोजून सांग.” ऊर्मिलाने मोजलं. माप दोन-सहा निघालं. कुरिअरवाल्याचं दुकान सहाला बंद होत होतं. द्वारकाबाईंनी नव्याने हिरव्या बांगड्या निवडल्या, रेवतीने पुडकं बांधलं आणि पदर खोचून धावतच निघाली. पावणेसहाला पावती तिच्या हातात होती.

त्या रात्री दोऱ्याने माप घ्यायची रीत रेवतीने दुकानाच्या पानावर लिहिली. अगदी वर, सगळ्यांना दिसेल अशी. तक्रारींपाशी आता तिची नजर अडखळत नव्हती. पुढच्या दोन दिवसांत एक माप मोठ्या बांगड्यांची बाकीची पुडकीही गेली, नाशिकचं सगळ्यांत आधी. नाशिकच्या बाईंनी आपल्याच तक्रारीखाली लिहिलं, ‘नवीन बांगड्या बसल्या. चूक कबूल करणारं दुकान पहिल्यांदाच पाहिलं. जावेसाठी एक डझन पाठवा.’ ते वाचून आणखी सात बायकांनी दोऱ्याची मापं पाठवली. रेवती ती एकामागून एक वाचून दाखवत होती. पण द्वारकाबाईंचं निम्मं लक्ष इंदूरकडेच होतं. बुधवारी पुडकं पोचल्याचं कळलं, तरी त्यांच्या घशाखाली घास उतरेना.

गुरुवारी सकाळी अकराला कुमुदचा फोन आला. मागे बायकांचा गलका चालला होता. कोणीतरी मोठ्याने गाणं म्हणत होतं.

“काकू, चुडा भरला! नणंदबाईंनीच भरला. ऊर्मिला तुम्हाला नमस्कार करतेय, इकडे फोनपुढे वाकलीय बघा वेडी.”

द्वारकाबाईंनी आशीर्वाद दिला. मग भीत भीत विचारलं, “कुमुद, किती वाढल्या गं?”

“एकही नाही, काकू. एकसुद्धा नाही.”

द्वारकाबाईंना रडू फुटलं आणि रडता रडताच हसू आलं. त्यांनी फोन ठेवला, डोळे पुसले आणि रेवतीला म्हणाल्या, “पानं वाढ गं. मला फार भूक लागलीय.”

तात्पर्य: दुकान मांडायला जागा निवडाल, तेव्हा गिऱ्हाईकाची तक्रार दडवणारी निवडू नका, ती तुमच्यापर्यंत पोचवणारी निवडा. कानावर आलेली चूक सुधारता येते. कानाआड राहिलेली चूक गिऱ्हाईकालाच घेऊन जाते.